टोर्नेडोंच्या नोंदींना एकच शिस्त हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच हवामान प्रणालीतून थोड्या अवधीत अनेक टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत टेकणारे वाऱ्याचे प्रचंड भोवरे, उठले, तर अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ त्याला टोर्नेडोंचा उद्रेक म्हणतात. अशा उद्रेकांवरील संदर्भलेख मी अनेक वर्षे बारकाईने वाचत आलो आहे आणि दर वेळी एकाच अडचणीपाशी थांबतो. दोन लेखांतील आकडे शेजारी ठेवले, तरी ते एकाच गोष्टीचे मोजमाप आहे अशी खात्री वाटत नाही.

३ व ४ एप्रिल १९७४ चा उद्रेक आणि २५ ते २८ एप्रिल २०११ चा उद्रेक ही जोडी नेहमी एकत्र सांगितली जाते. पहिल्यात १४८ टोर्नेडो आणि दुसऱ्यात साडेतीनशेहून अधिक, एवढेच लिहिले तर दुसरा दुपटीहून मोठा असा ग्रह होतो. प्रत्यक्षात १४८ हा आकडा सुमारे एका दिवसाचा आहे आणि दुसरा चार दिवसांचा. २७ एप्रिल २०११ या एका दिवशी दोनशेहून अधिक टोर्नेडो झाले हे खरे. पण १९७४ मध्ये वादळातील वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉप्लर रडारचे जाळे नव्हते आणि आज नोंदले जाणारे कितीतरी दुबळे टोर्नेडो तेव्हा कोणाच्या दृष्टीसही पडले नसतील. तीव्र टोर्नेडो मोजले, तर चित्र उलटते. १९७४ मध्ये चौथ्या व पाचव्या, म्हणजे तीव्रतेच्या सर्वांत वरच्या दोन श्रेणींचे सुमारे तीस होते आणि २०११ मध्ये त्याच्या निम्मे. यांपैकी कोणताही आकडा चुकीचा नाही, परंतु कालमर्यादा आणि मोजणीची पद्धत शेजारी लिहिलेली नसेल, तर बरोबर आकडाही वाचकाची दिशाभूल करतो.

श्रेणीच्या बाबतीत घोळ अधिक खोल आहे. हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली टोर्नेडोंच्या तीव्रतेची मोजपट्टी १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत सुधारित स्वरूपात वापरली जाते. तीत इमारती, झाडे इत्यादी २८ प्रकारच्या वस्तूंच्या हानीवरून वाऱ्याचा वेग अंदाजला जातो. म्हणजे श्रेणी ही वाऱ्याची नव्हे, तर मागे राहिलेल्या पडझडीची असते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ आलेला टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद होता आणि वाहनावर बसवलेल्या फिरत्या रडारने त्यात अतिप्रचंड वेग टिपला होता, म्हणून आधी त्याला पाचवी श्रेणी मिळाली. पुढे पडझडीच्या निकषावर ती तिसरी करण्यात आली. संदर्भलेखात दोन्ही टप्पे तारखांसह असायला हवेत. जुनी श्रेणी गुपचूप पुसून नवी लिहिणे म्हणजे त्या निर्णयामागचा वाद वाचकापासून लपवणे होय. त्याहून जुन्या, १९५० व १९६० च्या दशकांतील श्रेण्या तर नंतर वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून ठरवलेल्या आहेत. त्या प्रत्यक्ष पाहणीतून आलेल्या श्रेण्यांच्या पंक्तीला निःशंकपणे बसवता येत नाहीत.

पहिल्या दिवशीचे आकडे आणि अंतिम आकडे यांतील फरकही असाच दुर्लक्षिला जातो. एकच टोर्नेडो चार ठिकाणांहून कळवला गेला, तर प्राथमिक यादीत चार नोंदी होतात. उलटही घडते. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री आर्कान्सा ते केंटकी या पट्ट्यात एकच टोर्नेडो चार राज्यांतून गेला असे आधी सर्वत्र छापले गेले. पाहणीनंतर ते एकाच वादळातून निघालेले दोन स्वतंत्र टोर्नेडो ठरले. केंटकीतील मेफिल्ड हे शहर उद्ध्वस्त करणाऱ्या दुसऱ्याचा मार्ग एकटाच सुमारे २६६ किलोमीटरचा होता. पहिल्या आठवड्यात लिहिलेला आणि नंतर कोणीही न तपासलेला लेख आजही चार राज्यांची गोष्ट सांगत राहतो.

मला सर्वाधिक खटकते ती मृतांच्या संख्येतील ढिलाई. अमेरिकी हवामान सेवेच्या नोंदींत थेट वादळाने झालेले मृत्यू आणि अप्रत्यक्ष मृत्यू वेगळे धरले जातात. २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन येथे थेट मृत्यू १५८ झाले. अप्रत्यक्ष धरले की संख्या १६० च्या पुढे जाते. एप्रिल २०११ च्या उद्रेकात तर त्याच वादळी प्रणालीतील पूर, वीज व भोवरा नसलेल्या सरळ वाऱ्याने गेलेले लोक कधी मिळवले जातात, कधी नाहीत. १९७४ च्या मृतांची संख्या ३१० ते ३३५ यांच्या दरम्यान कुठेही सापडते. कॅनडातील विंडसर येथील बळी त्यात धरले आहेत की नाहीत, हे लिहिलेले नसेल तर वाचकाने काय समजावे? या संख्येतला एक म्हणजे एक माणूस आहे. तो कोणत्या हिशेबात आला किंवा सुटला, हे लिहिणाऱ्याला सांगता आलेच पाहिजे.

किती टोर्नेडो झाले म्हणजे उद्रेक, याची सर्वमान्य व्याख्या नाही. कोणी सहा धरतात, कोणी दहा. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा प्रत्येक लेखाने आपण कोणती मर्यादा धरली, दिवस स्थानिक वेळेने मोजला की जागतिक वेळेने आणि आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, हे आरंभीच नमूद करावे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या उद्रेकात ही एक ओळ नसेल, तर तारखांचा मेळ बसत नाही.

मराठीत लिहिताना आणखी एक पथ्य पाळावे लागेल. समुद्रावर जन्मणारे, शेकडो किलोमीटर व्यासाचे आणि अनेक दिवस टिकणारे ते चक्रीवादळ. मेघगर्जनेच्या ढगातून जमिनीला टेकणारा आणि बहुधा काही मिनिटांत विरणारा तो टोर्नेडो. दोघांनाही चक्रीवादळ म्हटले, तर कितीही काटेकोर आकडे दिले तरी ते कशाचे, हेच कळणार नाही. आपल्या वृत्तपत्रात अशा घटनांची माहिती छापताना टोर्नेडो हाच शब्द ठेवावा आणि आकड्यासोबत तो प्राथमिक आहे की अंतिम, एवढे तरी द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक