सुपरव्हिजन म्हणजे फॉर्म मोजणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनवर समुपदेशन करायला पाठवतात यावर तुमच्याकडे अधूनमधून छापून येतं, पण ट्रेनिंग संपल्यावर त्यांचं पुढं काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी स्वतः हे काम करते. ट्रेनिंगमध्ये सगळं सोपं वाटतं हो, खरी फजिती होते ती समोरचं माणूस गप्प बसल्यावर, आपण घाबरून सल्ले द्यायला लागतो आणि वर वाटतं की सेशन मस्त झालं.

आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही, ती दुसऱ्यानेच ऐकावी लागते. गोव्यात अशाच समुपदेशकांनी दिलेल्या 6 ते 8 सेशनच्या उपचाराचा निकाल 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने डिप्रेशन जास्त कमी झालं. हे सगळे सांगतात, पण तिथले समुपदेशक गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकायचे, ठरलेल्या तक्त्यावर मार्क द्यायचे, मग चर्चा करायचे, ते कुणी सांगत नाही.

आम्ही काही जणींनी हे करून बघितलं (रेकॉर्डिंग अर्थातच परवानगी घेऊन). माझं ऐकून एक जण म्हणाली, ताई, त्या रडत होत्या आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात. लागलं मनाला. पण साहेबांनी हेच सांगितलं असतं तर मी कारणं दिली असती, हिला काय सांगणार, पुढच्या वेळी तिचं रेकॉर्डिंग लागणार होतं! आणि मुख्य म्हणजे लोकांची दुःखं ऐकून ऐकून आपल्याही डोक्यावर जे ओझं बसतं ते तिथेच थोडं उतरतं.

आता यातही गडबड होते, मैत्रिणी मैत्रिणींना छान छान म्हणत सुटतात, म्हणून मधूनमधून तज्ञांनीही तेच रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यावेत आणि दोन्ही ताडून बघावेत. कुणी जीव द्यायची भाषा केली तर मात्र गटाच्या बैठकीची वाट बघायचीच नाही, त्याच क्षणी वरच्या तज्ञाला फोन.

आमच्याकडे सुपरव्हिजनच्या नावाखाली केसेस किती झाल्या, फॉर्म भरले का एवढंच विचारतात. असं गटात बसून ऐकायला आठवड्याचे दोन तास, तेही कामाच्या वेळेत धरलेले आणि पगारी, एवढंच मागणं आहे, सध्या आम्ही ते सुट्टीच्या दिवशी करतो.

आपली,
एक समुपदेशक