ओस्ट्राव्हाची स्पर्धा चार ओळींत संपणारी नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाच्या, म्हणजे २०२० च्या, दसऱ्याच्या सुट्टीनंतर आलेल्या आपल्या अंकात आयपीएलला दीड पान होते आणि चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्राव्हा येथे झालेल्या महिलांच्या इनडोअर टेनिस स्पर्धेला चार ओळी. आयपीएलबद्दल तक्रार नाही, रात्री आमच्याही घरी तेच चालू असते. पण विजेती अरिना सबालेंका ही मुंबईला अनोळखी नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये चर्चगेटला सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर मुंबई ओपन जिंकली तेव्हा ती १९ वर्षांची होती. बातमीत याचा साधा उल्लेखही नसावा?

अंतिम सामना तसा एकतर्फीच झाला. याच सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठणाऱ्या व्हिक्टोरिया अझारेन्काला सबालेंकाने ६-२, ६-२ असे हरवले आणि त्याच दिवशी एलिस मर्टेन्सच्या साथीने दुहेरीचाही करंडक घेतला. खरी गंमत होती ती अंतिम फेरीपर्यंतच्या वाटेवर. १६ वर्षांच्या कोको गॉफने तिच्याविरुद्ध पहिला सेट ६-१ असा खिशात घातला होता. सबालेंका तिथून जेमतेम सुटली. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनच्या सारा सोरिबेस टोर्मोने तर तिचा पहिला सेट ६-० असा घेतला आणि दुसऱ्यात ४-० अशी आघाडी मिळवली. म्हणजे सलग दहा गेम गेले. त्यानंतर सबालेंकाने ओळीने बारा गेम जिंकले आणि निकाल लागला ०-६, ६-४, ६-०. हे सगळे झाले रिकाम्या सभागृहात, पाठीवर थाप मारायला एक प्रेक्षक नसताना. असा सामना क्रिकेटमध्ये झाला असता तर आपण आठवडाभर त्यावर लेख छापले असते.

मुळात ही स्पर्धा या वर्षीच्या कार्यक्रमात नव्हतीच. मार्चमध्ये कोरोनामुळे महिलांचा दौरा, म्हणजे जगभरातल्या व्यावसायिक टेनिस स्पर्धांची मालिका, थांबला, तो ऑगस्टमध्ये पालेर्मोला पुन्हा सुरू झाला. तोवर चीनने शेन्झेनच्या वर्षअखेरच्या स्पर्धेसह सात स्पर्धा रद्द केल्या होत्या आणि अख्खा शरद ऋतू मोकळा पडला होता. ती पोकळी भरायला कोळसा आणि पोलादावर वाढलेले हे शहर पुढे आले. टेनिसपटू इव्हान लेंडलचे गाव, एवढीच आपल्याकडे त्याची ओळख. एरवी जिथे आइस हॉकी खेळतात, त्या सभागृहात टेनिसचे कोर्ट तयार झाले. देशात ५ ऑक्टोबरपासून आणीबाणी होती, रुग्ण झपाट्याने वाढत होते, म्हणून प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

अशा काळात, तेही बंदिस्त जागेत, खेळ हवाच कशाला, असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे. पण तिथे ऑक्टोबरअखेरच्या थंडीत उघड्यावर टेनिस होत नाही, आणि गर्दीचा मोठा धोका प्रेक्षकांबरोबर दाराबाहेर राहिला होता. शिवाय टेनिसपटूला पगार नसतो. स्पर्धा नाही तर कमाई नाही. प्रशिक्षकाचे मानधन, विमानाचे तिकीट, फिजिओ हे सगळे स्वतःच्या खिशातून. मे महिन्यात टेनिस संघटनांनी मिळून ६० लाख डॉलरहून अधिक मदतनिधी उभारला, पण तो सुमारे ८०० खेळाडूंत, पुरुष-महिला मिळून वाटायचा होता. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असलेल्या मुलीचे त्यात किती महिने निघतील?

आपल्याकडे गेल्याच आठवड्यात, २१ तारखेपासून, सर्वसामान्य महिलांना, तोवर अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीच असलेल्या लोकलची दारे उघडली, तीही सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. कोणाचे काम अत्यावश्यक हे ठरवताना पोटापाण्यासाठी खेळणारी मुलगी कोणाच्या यादीत असते, हे मला तरी दिसलेले नाही. दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या. आता टेनिसचाही विचार व्हावा.

माझी मागणी मोठी नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, सोलापुरात, नवी मुंबईत महिलांच्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेसारखी खेळाडू रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासोबत उतरली, पुण्यात सराव करणारी अंकिता रैना या वर्षी, २०२० मध्ये, देशात आघाडीवर राहिली. अशा खेळाडूंना क्रमवारीचे गुण आणि पैसे दोन्ही याच स्पर्धांतून मिळतात. राज्य टेनिस संघटनेने प्रेक्षकांविना, चाचण्या करून, आपल्याकडच्या उघड्या कोर्टवर डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन स्पर्धा घ्याव्यात आणि शासनाने वेळेत परवानगी द्यावी. तिकीटविक्रीवर या स्पर्धा कधीच चालल्या नाहीत, त्यामुळे रिकाम्या गॅलरीने आयोजकांचे फारसे बिघडणार नाही. प्रायोजक मात्र शोधावे लागतील. तिथे आपल्यासारख्या दैनिकाने शब्द टाकला तर वजन पडेल.

महिलांच्या दौऱ्याची पुढची स्पर्धा ९ नोव्हेंबरपासून ऑस्ट्रियात लिंझला आहे, तीही इनडोअर. तेव्हाही आयपीएलचीच धामधूम असेल, हे ठाऊक आहे. तरी किमान उपांत्यपूर्व फेरीपासूनचे निकाल सेटच्या गुणांसह द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
माटुंगा, मुंबई
२७ ऑक्टोबर २०२०