कोर्लईहून आल्यावर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी चिनूला घेऊन आम्ही कोर्लईला गेलो होतो. अलिबागच्या पुढे रेवदंडा, मग कुंडलिकेचा पूल ओलांडला की खाडीच्या तोंडावरच किल्ल्याचा लांबट डोंगर दिसतो. गाव त्याच्या पायथ्याशी.

किल्ला पाहिलाच. पण पत्र लिहायला बसले ते पायथ्याशी जे ऐकलं त्यामुळे. एका घराच्या ओट्यावर एक आजी सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. शेजारच्या नातवाशी त्यांचं भरभर काहीतरी चाललं होतं. सूर अगदी आपल्यासारखा, पण शब्द एकही कळेना. मग माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बस गो, पाणी देऊ?" मी विचारलं, ही कुठली भाषा? त्या म्हणाल्या, "नोलिंग." म्हणजे 'आमची भाषा'.

बाबा, १७४० मध्ये चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आले. राज्य गेलं, पण इथली ख्रिस्ती कुटुंबं इथेच राहिली आणि त्यांच्या तोंडची पोर्तुगीजही. शब्द तिकडचे, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. शेजारी मराठी बोलणारे, म्हणून सांगाडा मराठीचा झाला. आजही ती बोलणारे जेमतेम हजारभर. १९८६ मध्ये खाडीवर पूल होईपर्यंत गाव तसं एका बाजूलाच होतं. आता मुलं अलिबागला शिकतात, मराठीत, इंग्रजीत. तरी त्या आजी नातवाशी नोलिंगमध्येच बोलत होत्या.

आपणही पाव, बटाटा, चावी, पगार, मेस्त्री, घमेलं म्हणतोच की. आपलं 'हापूस' हे नावसुद्धा पोर्तुगीजातूनच आलेलं. पण आपण नुसते शब्द घेतले, त्यांनी अख्खी भाषा सांभाळली. तीही कुठलं सरकार पाठीशी नसताना, ओट्यावर आणि चुलीपाशी.

परत येताना गाडीत मला कुडाळचं आपलं घर दिसत होतं. तुम्ही दोघं एकमेकांशी मालवणी बोलायचात, आणि मी दारात आले की आई लगेच 'शुद्ध' बोलायला लागायची. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं ना, घरी मालवणी बोलू नका, पोरीची भाषा बिघडेल. तू माझ्या भल्यासाठीच ते मनावर घेतलंस, आई, हे मला कळतं. पण मला मालवणी कळते आणि बोलता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. 'माका', 'तुका', 'खंय' एवढंच काय ते जिभेवर येतं, तेही अवघडून.

म्हणून एक मागणं आहे. चिनूशी फोनवर मालवणीतच बोला. पहिल्यांदा तो गोंधळेल, "आजी काय म्हणते?" म्हणून मला विचारेल. विचारू दे. बाबा, तुमच्या देवगडच्या बाजारातल्या गजाली त्याला तशाच सांगा, मराठीत करून नकोत. आणि आई, जात्यावरच्या आजीच्या ओव्या तुला येतात तेवढ्या मोबाईलमध्ये म्हणून ठेव. गळा बसलाय वगैरे सांगू नकोस.

थंडीत इकडे या. कोर्लईला पुन्हा जाऊ. बाबांच्या गुडघ्यांना किल्ला झेपणार नाही, पण दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून समुद्र छान दिसतो.

शनिवारी संध्याकाळी फोन करते. आधी चिनूच्याच हातात देईन.

तुमची,
बाळी