मॉरिशसच्या त्या तिघांना

मॉरिशसला आमचं जहाज पोर्ट लुईला लागलं, तेव्हा हाताशी जेमतेम आठ तास होते. बंदराजवळच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या पाहिल्या. गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, इथूनच वर चढायचे. मग वाटलं, कास्कावेल गाठू. तिथे मराठी वस्ती आहे म्हणतात.

बसस्टँडवर गोंधळलेल्या आम्हा दोघांना धॉलपुरी विकणाऱ्या काकांनी बसपर्यंत नेऊन सोडलं. वर दोन गरम पुऱ्या कागदात गुंडाळून दिल्या, पैसे घेतलेच नाहीत. (चवीला बिनगुळाची पुरणपोळीच, आत घेवड्याची भाजी.)

कास्कावेलहून परतीची बस काही येईना. पाचला जहाजावर हजर व्हायचं, आणि घड्याळात पावणेचार! आमचं बोलणं ऐकून थांब्यावरच्या आजींनी विचारलं, "मराठी?" पुढचं सगळं तिथल्या क्रिओल भाषेत, पण मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली ते कळलं. जाखडीची, म्हणजे कोकणातल्या नाचगाण्याची, दोन कडवीही आजींनी म्हणून दाखवली. अगदी आमच्या रत्नागिरीकडची चाल!

पावणेपाचला धक्क्यावर पोचलो. घाईत नावं विचारायची राहिली. काका, आजी, आणि गाडी चालवणाऱ्या दादा, मनापासून आभार.