वातींची पिशवी पोचली, आभार

आमची आई गेल्या महिन्यात गेली. ठाण्यात नौपाड्यातून दर सोमवारी चालत कोपिनेश्वराच्या देवळात जायची. त्या सोमवारी मासुंदा तलावाजवळ तिला भोवळ आली. तिला धरून कठड्यावर बसवणारी दोन मुलं, हॉस्पिटलपर्यंत आणून भाड्याला हात न लावणारे रिक्षावाले काका, गडबडीत तुमची नावं विचारायचीच राहिली.

आणि जांभळी नाक्याच्या फुलवाल्या मावशी, तिची पिशवी तुम्ही चार दिवस सांभाळलीत. आत काय होतं ठाऊक आहे? लक्षवातींच्या शेवटच्या जुड्या! टीव्ही बघतानाही आई वाती वळायची. विकतची वात तिला ‘मुकी’ वाटायची. उरल्या कापसाची गेजवस्त्रं, आणि मधूनच एखादा मोर, सुचला म्हणून. पाडव्याच्या शोभायात्रेत तिच्या रांगोळीवर कुणाचा पाय पडला की मात्र भक्तीबिक्ती बाजूला, सरळ भांडायची.

मोजल्या तर लाखाला २१२ वाती कमी भरल्या. आम्हाला सुतक, म्हणून शेजारणींनी वळून दिल्या. जरा वेड्यावाकड्या झाल्यात. (आईने उलगडून पुन्हा वळायला लावल्या असत्या.) त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी त्या कोपिनेश्वराच्या देवळात लावणार आहोत. मावशी, काका, मुलांनो, नक्की या.