काठावर जागा दिलीत त्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

आभार मानायला लागलं की तुम्ही "हां हां, पुरे" म्हणून फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आता फोन काकूंकडे ढकलायची सोय नाही. शिवाय इथली बरीच मराठी मंडळी मला विचारत असतात की बाई, तुझ्याकडे बोट नाही, कोणाची ओळख नाही, मग तू सॅमन धरतेस तरी कशी? त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल. (इथली म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरची. कॅनडातलं ते वेगळं. हा खुलासा जन्मभर करत राहायचा आहे.)

मी सोलापूरची. माझ्या लेखी नदी म्हणजे पुलावरून दिसणारी वाळू, आणि उजनीतून पाणी सोडलं तर चार दिवसांची गंमत. मासा म्हणजे चिलापी, तीही बाबांना लहर आली तर. त्यात इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे हातात डिग्री आणि कामाची परवानगी नाही. दिवस खायला उठायचा. कोलंबिया नदीच्या काठाने चालायला जायचे ते निव्वळ घराबाहेर पडायला. पुढे दुकानात मासे धरायची स्वस्तातली एक काठी दिसली, ती घेतली आणि फ्रेंचमन्स बार या नदीकाठच्या वाळूत जाऊन उभी राहिले. फोनवर आईशी बोलत होते, ते तुमच्या कानावर पडलं असणार. मागून आवाज आला, "लांब कित्याक टाकतंस गो? मासो तुझ्या पायाकडसून जाता."

काका, त्या काठावर जो नवखा येतो तो हेच करतो. समोर एवढं रुंद पाणी, पलीकडच्या सॉव्ही बेटावर उभा आहे तो माणूस की खुंट हे कळू नये एवढं. मग अंगातला सगळा जोर काढून शिसं मध्यावर भिरकावायचं. तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, थर्मासमधला चहा दिलात आणि माशाच्या बाजूने विचार करायला लावलात. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडतो. अंगात साठवलेल्या चरबीवर त्याला पुढचा सगळा प्रवास काढायचा असतो. आयडाहोतल्या रेडफिश लेकला जाणारा सॉकाय जातीचा सॅमन तर सुमारे १,४५० किलोमीटर पोहतो आणि जवळपास २,००० मीटर उंची चढतो. असा प्राणी नदीच्या मधोमध, जहाजांसाठी ४३ फूट खोल उकरलेल्या पट्ट्यात, सगळा प्रवाह अंगावर घेत कशाला जाईल? तो काठाकाठाने, जिथे पाणी आळसावतं तिथून चढतो. "आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, ते ओढ्याच्या मधून चढतात काय?" असं तुम्ही विचारलंत. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण मान डोलावली.

माझ्या मते बिनबोटीच्या माणसाला यापेक्षा मोलाचं कोणी काही सांगू शकत नाही. हजारो डॉलर्सच्या बोटी मध्ये नांगर टाकून रांगेने उभ्या असतात आणि मासा आपल्या खुर्चीपासून एका साध्या फेकीवर जात असतो. हे एकदा डोक्यात बसलं की काठावर बसणारा माणूस गरीब वाटेनासा होतो.

दुसरी गोष्ट ओहोटीची. समुद्र इथून शंभर मैलांच्या आसपास, तरी भरती-ओहोटी पार नदीच्या वरच्या अंगाच्या बॉनव्हिल धरणापर्यंत जाणवते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर थापा वाटल्या असत्या. भरतीच्या वेळी प्रवाह मंदावतो आणि मासे ऐसपैस पसरतात. ओहोटी लागली की धार वाढते आणि ते काठाशी दाटतात. तुम्ही कोष्टक कधी पाहिलं नाहीत. वाळूतल्या ओल्या रेघेकडे बघायचात आणि म्हणायचात, "अर्ध्या तासात बघ." बाकीचे सकाळी सहाला येऊन कंटाळून घरी निघायचे, तेव्हा तुम्ही डबा उघडून आरामात गळ बांधायला घ्यायचात.

ते बांधणं मी अजून तसंच करते. तीन कड्यांचा स्विव्हेल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती जोडकडी. एका कडीला आखूड दोरी आणि तिला पिरॅमिडच्या आकाराचं आठ औंसांचं शिसं, वाळूत रुतून बसणारं. दुसऱ्या कडीला हातभर लांबीचा लीडर, म्हणजे गळाची दोरी, त्यावर स्पिन-एन-ग्लो, म्हणजे दोन रबरी पंखांचा तो रंगीत तरंगता भोवरा, त्याच्याखाली दोन-तीन मणी, मग गळ. मणी कशाला, तर भोवरा गाठीवर न घासता मोकळा फिरावा म्हणून. शिसं तळाला, भोवरा जरा वर, प्रवाहात आपला आपण गरगरत राहतो. काठी वाळूत ठोकलेल्या पाइपात उभी, तिच्या टोकाला घंटी. पाणी गढूळ असेल तर मोठा, भडक भोवरा, आणि नितळ असेल तर छोटा. इंग्रजीत याला प्लंकिंग म्हणतात आणि हातात काठी धरून दिवसभर फेकणारे लोक आम्हा प्लंकरांना आळशी समजतात. समजू देत.

आणि आमिषाची गाभोळी! मीठ, साखर, बोरॅक्स आणि तो लाल रंग घालून तुम्ही ती काकूंच्या फ्रीजमध्ये मुरत ठेवायचात. काकूंनी त्यासाठी एक वेगळा कप्पा ठरवून दिला होता आणि तुम्ही तो कधीच पाळला नाहीत. तुमची बोटं हंगामभर हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी दिसायची. गाभोळी गळाला लावताना तुमच्या तोंडावर जे दुःख असायचं त्याचं कारण मला काकूंनी सांगितलं. मालवणच्या माणसाला ती तव्यावर दिसते.

जहाजांचं मात्र तुम्हीच शिकवू जाणे. उभं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस आमच्या काठावर दुसरा कोण होता? वळणावर नुसता पुढचा भाग दिसला की तुम्ही सांगायचात, हा गहू भरून खाली निघालाय, खोल बसलाय, हा पाणी ओढणार. मोटारींचं ते उंच डब्यासारखं जहाज पोर्टलँडकडे चाललं असेल तर म्हणायचात, हा उंच दिसतो म्हणून घाबरू नको, त्याचा वेग बघ. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जहाज पुढे गेल्यावर काय होतं ते. आधी काठाचं पाणी गुपचूप मागे सरतं, वाळू उघडी पडते, छोटी मुलं शिंपले वेचायला पुढे धावतात. आणि मग ते पाणी लाट होऊन परत येतं, खुर्च्या, डबे, कुत्री, सगळं घेऊन. "पाणी मागे गेलं की खुर्ची उचलायची. विचार नंतर." काका, तुम्ही एकदा ओरडून ज्या रशियन बाईच्या नातवाला मागे खेचायला लावलंत, ती अजून तुमची चौकशी करते. खुणांनीच. पोटावर हात फिरवून, म्हणजे तुम्हीच, अशी खात्री करून घेते.

माझा पहिला मासा सॅमन नव्हताच. जूनमध्ये तुम्ही मला बॉनव्हिलच्या खाली शॅड धरायला नेलंत. हा मूळचा अटलांटिककडचा, एकोणिसाव्या शतकात माणसांनी आणून पॅसिफिकच्या बाजूला सोडलेला, आणि आता लाखोंनी चढतो. काट्यांमुळे इथले बरेच लोक त्याला नाक मुरडतात. तुम्ही म्हणालात, हा आपल्या पाल्याचा भाऊबंद, बंगाल्यांना विचार. खरंच, पाला म्हणजेच हिल्सा, आणि हिल्सा अन् शॅड एकाच गोतातले. हात भरून येईपर्यंत मासे लागले. नवख्याला आधी भरपूर मासा लागू द्यावा, अवघडातला अवघड नंतर दाखवावा, हे शहाणपण मला फार थोड्या शिकवणाऱ्यांत दिसलं आहे.

त्याच दिवशी धरणाच्या पोटातली ती काच दाखवलीत. १९३८ पासून इथे माशांच्या शिडीतून, म्हणजे धरण ओलांडायला केलेल्या पाण्याच्या पायऱ्यांतून, वर जाणारा मासा मोजतात. माणूस काचेपाशी बसून मोजतो, हा चिनूक, हा सॉकाय (दोन्ही सॅमनच), हा त्यांचा भाऊबंद स्टीलहेड. काठावरचे निम्मे वाद या रोजच्या आकड्यांवरून होतात हे मला नंतर कळलं. एके काळी या खोऱ्यात वर्षाला एक ते दीड कोटी सॅमन आणि स्टीलहेड परतत असत असा अंदाज आहे. याच नदीवरचं ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पुरं झालं, त्याला माशांसाठी शिडीच नाही, त्यामुळे त्याच्या वरची सगळी नदी त्यांना कायमची बंद झाली. हे सांगताना तुम्ही आवाज चढवला नाहीत. काचेसमोर एक लॅम्प्री, वामीसारखा लांबट मासा, तोंडाने चिकटून बसला होता, त्याच्याकडे बोट दाखवत राहिलात.

आणि तो स्टीलहेड. घंटी वाजली, तुम्ही "फिश ऑन!" ओरडलात आणि शेजारच्या सगळ्यांनी कुरकुर न करता आपापल्या दोऱ्या गुंडाळल्या. मला वाटत होतं मासा ओढायचा असतो. तुम्ही म्हणत होता, जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे, आता घे. घोटाभर पाण्यात तो आडवा झाला तेव्हा तुम्ही, तुमच्या त्या गुडघ्यांनिशी, पाण्यात बसलात. पाठीवर शेपटीच्या अलीकडे तो छोटा मांसल पर असतो ना, मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांचा तो कापलेला असतो. याचा शाबूत होता. म्हणजे नदीतच जन्मलेला, म्हणजे सोडायचा. नवरा फोटोसाठी "जरा वर धरा" म्हणाला आणि तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने फोन खिशात घातला. सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा नाही असा नियमच आहे. पकडीने गळ काढलात, शेपटीच्या बुडाशी हात धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलंत. कल्ले उघडमीट करत होते. गालावर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके, आणि पोटाशी चांदी. मग एक फटका, माझ्या चष्म्यावर पाणी, आणि मासा गेला. तुम्ही उठायला माझा खांदा धरलात आणि म्हणालात, सॅमन अंडी घालून मरतो, हा परत समुद्रात जाऊ शकतो, पुन्हा येऊ शकतो. हा रेनबो ट्राउटच, फक्त समुद्र बघून आलेला.

२०२१ मध्ये बॉनव्हिलवरचे स्टीलहेडचे आकडे मोजणी सुरू झाल्यापासूनच्या अगदी तळाला गेले, तेव्हा हंगाम उघडा असेल त्या दिवशीही तुम्ही दोरी टाकली नाहीत. खुर्ची घेऊन यायचात, जहाजं बघायचात, दुसऱ्यांच्या गाठी सोडवून द्यायचात. कोणाला उपदेश केला नाहीत, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट.

एकदाच तुम्हाला चिडलेलं पाहिलं. कोणीतरी नेटिव्ह, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जाळ्यांवर बोट ठेवत होतं, मासे तेच संपवतात वगैरे. तुम्ही शांतपणे अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहांपासून सुरुवात केलीत. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या लोकांनी जमीन दिली, पण नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. मग १९५७ मध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा गेला, जिथे त्यांच्या कैक पिढ्या मचाणांवर उभ्या राहून मासे धरत आल्या होत्या. कोकणातल्या माणसाला वहिवाट समजावून सांगावी लागत नाही. बोलणारा गप्प झाला की कंटाळला, देव जाणे. पण पुढच्या रविवारी तुम्ही मला नदीकाठच्या कॅस्केड लॉक्स गावी नेऊन त्यांच्याकडचा मासा विकत घ्यायला लावलात, आणि पैशांत घासाघीस करू दिली नाहीत.

तुम्ही लेकीकडे ॲरिझोनाला गेल्यापासून तुमचे दोन्ही पाइप माझ्याकडे आहेत. शिशाचा डबाही. आपली नेहमीची जागा मी एकटीने राखणं शक्यच नव्हतं, पण तो व्हिएतनामी आजोबा भल्या पहाटे येऊन माझ्यासाठी शेजारी एक रिकामी बादली ठेवतो. गेल्या हंगामात कॉलेजात जाणारी दोन मुलं आली होती, एक नाशिकचा. अंगातला सगळा जोर काढून मध्यावर फेकत होती. मला मालवणी येत नाही, सोलापुरीतच झापलं.

तेव्हा काका, आभार. आणि आता कामाचं. पुढच्या जूनमध्ये या. वरची खोली रिकामी आहे, जिना चढायचा नसेल तर खाली गादी घालते. तुम्ही आता परराज्यातले, त्यामुळे लायसन्स महाग पडेल आणि तुम्ही त्यावरून आठवडाभर कुरकुर कराल, म्हणून पैसे मी भरणार आहे. निघण्याआधी नियम मी बघून ठेवते, इथे हंगाम एका नोटिशीने उघडतो आणि दुसऱ्या नोटिशीने बंद होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सोलापूर

ता. क. काकूंना सांगा, सॅमनला आगळ, हळद, मीठ लावून रव्यात घोळवून केला, झकास झाला. तुम्ही म्हणत होता तसं तिरफळ घालून आमटीही करून पाहिली. तिरफळ बांगड्यालाच बरं.