'स्लेटर-किनी' या अमेरिकन रॉक बँडच्या तिघींना

प्रिय कॉरिन, कॅरी आणि जॅनेट,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ज्या दिवसांसाठी तुमचे आभार मानायचे आहेत, ते दिवस मी मराठीतच काढले. जॅनेट, तू 2019 मध्ये बँड सोडलास हे मला ठाऊक आहे. पण ज्या अल्बमने मला धरून ठेवलं त्यावर तुम्ही तिघी आहात, म्हणून पत्रही तिघींना.

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन 1 किलो 340 ग्रॅम. पहिल्या चार दिवसांत तेही उतरून 1 किलो 220 वर आलं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एनआयसीयू होतं, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. बाहेर चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन चढवायचा आणि काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायचा. डायपर माझ्या तळहातापेक्षा लहान, तरी तो तिच्या छातीपर्यंत यायचा. दूध नळीने, दर दोन तासांनी, आधी 2 मिली, मग 3. उरलेला वेळ बाहेरच्या बाकावर. सिस्टर दार उघडून 'बेबी ऑफ' म्हणत आईचं नाव पुकारायच्या, म्हणून मी इअरफोन एकाच कानात घालायचे. एका कानात गाणं अर्धंच येतं. उरलेलं मला पाठ होतं.

पाठ होतं ते हॉस्टेलपासून. खोलीतल्या मैत्रिणीकडे 'डिग मी आउट'ची कॉपी केलेली सीडी होती. 1997 चा तुमचा तिसरा अल्बम, जॅनेटसोबतचा पहिला. मी लहानपणी हार्मोनियम शिकले होते, त्यामुळे आधी कान अडकला तो सुरात. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी हार्मोनियमच्या पांढरी तीन या सुराला लागते, तुम्ही ती काळी एकपर्यंत उतरवलेली. बँडमध्ये बेस वाजवणारं कुणीच नाही. ती जागा कॉरिनची गिटार खालून भरून काढते आणि कॅरीची गिटार तिच्या वरून तिरकी धावते. आणि कॉरिन, तुझा आवाज! असा आवाज मोठा करायची परवानगी मला कुणी दिली नव्हती, आणि ती मागायची असते असं मीही धरून चालले होते.

माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा समोर काकू असायची. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीचा श्वास संपला की दुसरी ओवी उचलायची, आणि दळण थांबायचं नाही. तुमच्या दोन गिटारी, तुमचे एकमेकांत शिरणारे दोन आवाज ऐकताना मला तो खुंटाच दिसतो. कॉरिन, कॅरी, 'वन मोअर अवर' हे गाणं तर तुमचं दोघींचं नातं तुटल्याबद्दलचं आहे, आणि ते तुम्ही दोघी मिळून म्हणता. दळण थांबलं नाही.

तुमच्याकडच्या, अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहरातल्या 'रायट गर्ल' या स्त्रीवादी चळवळीबद्दल मी नंतर वाचलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुली स्वतः मासिकं छापून वाटत होत्या, स्वतःचे बँड काढत होत्या, 'बिकिनी किल'ची कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना स्टेजजवळ पुढे बोलावत होती. तिथल्याच जवळच्या एका रस्त्याचं नाव तुम्ही बँडला दिलंत. या सगळ्याचं मला कौतुक आहे. पण स्त्रीवाद म्हणजे काय हे मला नेमकं कळलं ते 'वन बीट' ऐकताना.

2002 चा अल्बम. त्याच्या आदल्या वर्षी, कॉरिन, तुझा मुलगा जन्मला, नऊ आठवडे आधी. 'फार अवे'ची सुरुवात होते ती सकाळी सोफ्यावर बाळाला पाजणाऱ्या बाईपासून. फोन वाजतो, टीव्ही लाव म्हणतात, आणि पडद्यावर अमेरिकेतला तो सप्टेंबर जळत असतो. त्याच गाण्यात पुढे ती राष्ट्राध्यक्षालाही सोडत नाही. साधी कामकरी माणसं आगीत शिरत असताना तू लपलास, असं त्याला सुनावते. मांडीवर बाळ घेऊन. आमच्याकडे बाळंतिणीला खोलीत बसवतात, जगाच्या बातम्या तिच्यापर्यंत येऊ देत नाहीत. तू पाजता पाजता जगाचा जाब विचारलास, आणि तो अंगावरच्या दुधाइतका साधा वाटला. त्या बाकावर बसून मी पंपाने दूध काढत होते, तेव्हा आपण निकामी, फाटलेलं शरीर आहोत असं मला वाटत होतं. तुझ्या गाण्यातली बाई माझ्यासारखीच अवघडलेली होती आणि तरी तिचं मत शाबूत होतं.

आणि शेवटचं गाणं, 'सिम्पथी'. सावकाश, थोडं ब्लूजच्या अंगाने जाणारं. त्यात तू देवाला सांगतेस की गरज पडली तेव्हाच मी तुझ्याकडे येते, मी काही मोठी भक्त नाही, तरी माझं बाळ मला दे. मी तसंच म्हणत होते. सासूबाईंनी गजाननाला नवस बोलला होता, आईने गुरुवार धरले होते, आणि एरवी देवळात न जाणारी मी एका कानात तुझं गाणं घालून तेच मागत होते. आतून तुटलेल्या माणसाने मागावं तसं निलाजरं मागणं. ते इतकं उघड्याने मागता येतं, हे तू दाखवलंस.

पण मी आभार मानतेय ते त्याच्याही पुढच्या दोन ओळींसाठी. तुझं बाळ वाचलं होतं. गाणं तिथे संपवता आलं असतं. तू मात्र थांबून ज्यांची बाळं वाचली नाहीत त्या आयांकडे वळतेस आणि त्यांच्यासाठी हळहळतेस.

माझ्या शेजारच्या बाकावर सोलापूरकडची एक ताई बसायची. तिच्या मुलाची पेटी माझ्या मुलीच्या पेटीशेजारी होती. रोज सकाळी वजन झालं की आम्ही एकमेकींना आकडे सांगायचो, 'आज वीसने वाढलं', 'माझं दहाने'. तेराव्या दिवशी सकाळी तिची पेटी रिकामी होती आणि चादर बदललेली होती. माझ्या मुलीचं वजन त्या दिवशी पहिल्यांदा जन्माच्या वजनाच्या वर गेलं होतं. ताई जिन्याजवळ पिशवी घेऊन उभी होती. घरच्यांनी मला खूण केली, जाऊ नकोस, आत्ता नको. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी गेले. बोलायला काही नव्हतं. तिने माझा हात धरला आणि विचारलं, 'किती भरलं आज?' मी सांगितलं. तिने मान हलवली आणि आम्ही दोघी रिक्षा येईपर्यंत तशाच उभ्या राहिलो. तुझं गाणं कानात नसतं तर मी त्या जिन्यापर्यंत गेले नसते. हे मला पक्कं माहीत आहे.

पुढचे सगळे अल्बम मी ऐकले. 'द वूड्स'चा तो फाटका, भरून वाहणारा आवाज मला फार प्रिय आहे. 2019 चा 'द सेंटर वोन्ट होल्ड' माझ्या मनात तितका उतरला नाही. 2024 च्या 'लिटल रोप'ने मात्र पुन्हा थांबवलं. कॅरी, तुझी आई आणि सावत्र वडील इटलीत अपघातात गेले, आणि वकिलातीचा फोन कॉरिनला गेला, कारण कधीकाळी संकटात कळवायचं माणूस म्हणून तू तिचा नंबर लिहून दिला होतास. हे वाचून मी बराच वेळ तो कागद डोळ्यांसमोर आणत राहिले. फॉर्मवरच्या त्या रकान्यात आपण कुणाचं नाव लिहितो!

माझी मुलगी आता शाळेत जाते. तिच्या वाढदिवसाला पहाटे, घर उठायच्या आधी, मी सोलापूरच्या ताईंना फोन करते. पहिल्या वर्षी नंबर लावून तीनदा कापला होता. आता त्या पहिल्याच रिंगला उचलतात आणि नमस्काराच्या आधी विचारतात, 'किती भरलं?' मी किलोत सांगते. मग त्यांच्या मुलाचं नाव घेऊन आम्ही थोडा वेळ बोलतो. ते नाव त्या घरात बाकी कुणी घेत नाही.

त्या दोन ओळींसाठी, तिघींचे मनापासून आभार.

तुमची,
पुण्याची एक आई